पुरात गाडी गेली, तेव्हा आम्ही काय केलं

रात्री तासाभरात पाणी दारात आलं. आई आणि मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. गाडी खालीच राहिली. सकाळी डॅशबोर्डपर्यंत चिखल होता. भाऊ चावी मागत होता, मी दिली नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, सेल मारला की पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पाण्याच्या खुणेचे फोटो घेतले आणि विमा कंपनीला कळवलं. गाडी टोटल लॉस ठरली, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडची. आई रडली.

दुसरी गाडी वापरलेलीच घेतली. बघायला गेलो की आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचो. गाडी धुतली तरी आत गुंडाळलेला पट्टा बहुधा राहून जातो. एका चकाचक गाडीच्या पट्ट्यावर चिखलाची रेघ निघाली. तिथूनच परतलो. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटच्या रुळांवरचा गंजही जरूर पाहा.