संस्थेतून थेट जर्मनीत आउसबिल्डुंगला येताय? आधी टपालपेटी उघडायला शिका

यंदा आपल्याकडच्या बालगृहांतली अजून काही पोरं-पोरी आउसबिल्डुंगला, म्हणजे कंपनीत काम करत पगारी शिकायच्या कोर्सला, इकडे येतायत असं कळलं म्हणून लिहितोय. गाइड नेटवर ढीगभर आहेत, पण सगळ्या "घरच्यांशी बोलून घ्या" इथून सुरू होतात. आपल्याला ते पान उपयोगाचं नाही. मी अनुरक्षण गृहात (अठरानंतर ठेवतात ते) राहून आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, जर्मन भाषेची बी-वन परीक्षा काढली आणि इकडे साडेतीन वर्षांची इलेक्ट्रोनिकरची, म्हणजे इलेक्ट्रिशियनचीच, आउसबिल्डुंग केली, आता नोकरीत आहे.

सगळ्यात आधी टपाल. हसू नका. संस्थेत टपाल यायचं ते अधीक्षकांच्या टेबलावर, माझ्या नावाचं पाकीट अठरा वर्षांत एकदा आलं, ते आधार कार्डाचं. त्यामुळे पत्र उघडायचं असतं, त्याला उत्तर द्यायचं असतं, हे डोक्यातच नव्हतं. इकडे सगळं कागदावर चालतं. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. ती झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, विम्याची पत्रं येतात, आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीवाल्यांनाही तुमचा पत्ता जातो. महिना 18.36 युरो, दर घरामागे, टीव्ही असो नसो. चौघं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी त्याचा वर्गणीचा नंबर कळवायचा.

मला वाटलं जाहिरात आहे. पाकिटं ड्रॉवरमध्ये टाकत गेलो. वर्षभराने एका महिन्यात कार्ड चालेना, बघतो तर खात्यावर टाच आलेली, भाडं गेलं नाही, घरमालकाचं वेगळं पत्र. तेव्हा ड्रॉवर उपसला, चौदा पाकिटं निघाली, पहिल्यात नुसती माहिती विचारली होती! मी एकटा राहत नव्हतो, रूमवाला आधीपासून भरत होता, म्हणजे त्या पहिल्या कागदावर त्याचा नंबर लिहून पाठवला असता तर एक पैसाही लागला नसता. दंड धरून तीनशेच्या वर युरो गेले, पहिल्या वर्षाच्या स्टायपेंडमध्ये तीनशे म्हणजे काय ते आल्यावर कळेलच. शाळेतल्या बाईंनी शेजारी बसून एकेक पाकीट फोडलं, मला शरमेने मान वर करवत नव्हती.

म्हणून सांगतो, आल्या दिवशी टपालपेटीवर नाव चिकटवा, पासपोर्टवर आहे तसंच. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. रोज संध्याकाळी पेटी उघडा, पत्र त्याच दिवशी फोडा, समजलं नाही तर फोनवर फोटो काढून भाषांतर करा. आणि पिवळं पाकीट, म्हणजे कोर्टाचं नाहीतर सरकारी ऑफिसचं अधिकृत पत्र, आलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा. त्यावर पोस्टमन तारीख लिहितो, मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट उघडा नाहीतर उशीखाली ठेवा. मुदत पुष्कळदा दोनच आठवड्यांची असते.

आता कागदपत्रं. पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा नसेल तर संस्थाप्रमुखांचं लेटरहेडवरचं पत्र चालतं, हा नियम 2016 पासून आहे, खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर त्याला सांगा. अनाथ प्रमाणपत्र, बालकल्याण समितीचे आदेश, सगळ्याच्या साक्षांकित प्रती निघायच्या आधी घ्या. अधीक्षक बदलतात, कपाटं हलतात, मग इथून फोन करत बसाल.

ते प्रमाणपत्र इकडे कशाला असं एक जण म्हणाला होता. कशाला ते ऐका. इथे मुलांसाठी किंडरगेल्ड नावाची सरकारी रक्कम असते, ती एरवी आईबापांना मिळते. पण आईवडील दोन्ही नसतील किंवा त्यांचा ठावठिकाणा माहीत नसेल तर मुलाला स्वतःसाठी अर्ज करता येतो, शिकत असेल तर 25 वर्षांपर्यंत. तुमच्या राहण्याच्या परवान्याच्या प्रकारावर अवलंबून आहे, त्यामुळे फामिलिएनकासेत, म्हणजे ही रक्कम देणाऱ्या ऑफिसात, जाऊन विचारा. मला हे कळलं तेव्हा माझं वय उलटून गेलं होतं.

कामाचं थोडक्यात. प्रोबेत्साइट म्हणजे सुरुवातीचे जास्तीत जास्त चार महिने, त्यात कारण न देता काढता येतं, वेळेवर जा. बेरिष्ट्सहेफ्ट म्हणजे कामाची वही, दर आठवड्याला भरा आणि सही घ्या, ती पुरी नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. सोबत आठवड्याला वीस तास पार्टटाइम करता येतं, पण पहिल्या वर्षी करू नका, भाषा मार खाते. बी-वनवाल्याला साइटवरची बोली कळत नाही, मिस्त्री "ते दे" म्हणाला की मी तीन हत्यारं उचलून दाखवायचो.

पुढे शिकायचं म्हणाल तर वाट मोकळी आहे. आउसबिल्डुंग आणि तीन वर्षं काम झालं की त्या विषयाला विद्यापीठात जाता येतं, माइस्टर, म्हणजे त्या धंद्यातली वरची परीक्षा, केलं की कुठल्याही. आउसबिल्डुंगनंतर त्याच कामात दोन वर्षं झाली की इथे कायम राहायच्या परवान्याचा अर्जही करता येतो. तेव्हा एजंट सांगेल ते ऐकून तीन महिन्यांत जागा बदलू नका.

आपली मराठी मंडळी भेटतील, गणपतीला बोलावतील, जेवायला घालतील, चांगली माणसं आहेत. पण तिसरा प्रश्न आडनावाचा आणि चौथा "घरी कोण कोण?" माझं आडनाव संस्थेने दिलेलं, त्यावरून गाव शोधायला बसतात. मी आता सरळ "संस्थेत वाढलो" म्हणतो, दोन मिनिटं शांतता, मग कुणीतरी वाढायला घेतं. तुम्हाला सांगायचं नसेल तर सांगू नका, कुणाचं देणं लागत नाही. फक्त आयटीवाले दादा "इथे इंग्लिशवर भागतं" म्हणतील, त्यांचं भागतं, पॅनेल बोर्ड उघडून उभ्या असलेल्या माणसाचं भागत नाही. जर्मन लोक कोरडे वाटतील, पण उगाच कीव करत नाहीत, मला तेच बरं वाटलं.

संस्थेतल्या धाकट्यांचे पैशांसाठी फोन येतील. किती द्यायचे ते आधीच ठरवा, आणि कुणाच्याही मोबाइल कॉन्ट्रॅक्टवर आपली सही करू नका.

शेवटचं, किल्ली. आपल्यातल्या बहुतेकांकडे आयुष्यात कधी घराची किल्ली नव्हती. इथलं दार ओढलं की बंद, बाहेरून हँडल फिरत नाही. मी कचरा टाकायला खाली गेलो, पायात चपला, जानेवारी, रात्री दहा. रात्री कुलूपवाला बोलावला तर तो शंभरच्या पुढे घेतो. दुसरी किल्ली जवळच्या कुणाकडे तरी ठेवा, माझी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे असते.