थंडीतल्या हरणासाठी धनुष्य ओढण्याची तयारी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात धनुष्याने हरणांच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो, पण खरी वेळ नोव्हेंबरची, नर माद्यांमागे फिरू लागतात तेव्हाची. सराव होतो टी-शर्टावर आणि बाण सोडायचा असतो चार थर कपडे घालून, तासन् तास झाडावर आखडून बसल्यावर. तयारी या दुसऱ्या प्रसंगाची करायची. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे भारतातून आलेल्यांपाशी घरचा अनुभव नसतो. १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना इथे परवान्याआधी शिकारीचा सुरक्षा-वर्गही करावा लागतो. तो उन्हाळ्यातच उरकावा.)

सगळ्यात आधी ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढताना लागणारा सर्वाधिक जोर. कायद्याला ३० पाउंड पुरतात, तरी ७० च्या खालचा आकडा सांगायला अनेकांना उगाच कमीपणा वाटतो. कंपाउंड धनुष्याच्या टोकांवरची चाकं, म्हणजे कॅम, फिरली की हातावरचा भार उतरतो. या उतरण्याला लेट-ऑफ म्हणतात. ८० टक्के लेट-ऑफ असेल तर ६० पाउंडांच्या धनुष्यात शेवटी १२ पाउंडच धरून ठेवायचे असतात. दमछाक होते ती त्याआधीच्या ओढीत. म्हणून खुर्चीत बसा, बाण लावा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य निशाणावरून न हलवता सावकाश दोरी ओढा. ते आभाळाकडे उचलावं लागलं, तर वजन जास्त आहे, वाद नको. ते कमी करायला धनुष्याची पाती धरून ठेवणारा वरचा आणि खालचा लिंब बोल्ट सारखाच सैल करा, पण पुस्तिकेतली मर्यादा ओलांडू नका. मग साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, पुन्हा जुळवा, कारण बाण आता खाली लागेल.

ड्रॉ लेंग्थचा, म्हणजे दोरी किती मागे ओढायची त्या अंतराचा, ढोबळ हिशोब असा: पसरलेल्या हातांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजून त्याला अडीचने भागायचं. बाकीचं दुकानात जुळवून घ्यावं. ओढताना खांदा कानाकडे चढू देऊ नका, कोपर मागे जाऊ द्या. काम दंडाने नाही, पाठीने करायचं. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा.

शेवटचे काही सराव जाड जाकीट, हातमोजे आणि सेफ्टी हार्नेस घालूनच करा. दोरी बाहीला घासत असेल तर आर्मगार्ड बांधा. बाण रेस्टवरून, म्हणजे तो टेकवायच्या आधारावरून, सरकताना आवाज येत असेल तर तिथे फेल्ट चिकटवा. शांत सकाळी हरणाला तेवढंही पुरतं.

झाडावर बसल्यावर अधूनमधून खांदे हलवत राहा, हरीण दिसल्यावर नव्हे. त्याचं डोकं खोडाआड गेलं किंवा पलीकडे वळलं की ओढा. ते मध्येच थबकलं तर ताणलेलं धनुष्य धरून थांबता आलं पाहिजे, आणि संधी गेली तर रिलीजच्या (दोरी पकडून सोडणाऱ्या साधनाच्या) ट्रिगरवरचं बोट काढून दोरी हळूच परत नेता आली पाहिजे. हे परत नेणं फारसं कोणी घोटत नाही. लेट-ऑफ संपतो त्या जागी दोरी एकदम हिसका देते, तेव्हा तो सरावही निशाणाकडे तोंड करूनच करावा.