चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकताना जोर वाढतोय की उतरतोय? कोकणातील बागायतदारांसाठी सल्ला

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. एक मे-जूनमध्ये, मान्सून येण्याच्या सुमारास. दुसरा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिल्या वेळी हापूसचा शेवटचा माल झाडावर असतो, दुसऱ्या वेळी भात कापणीला आलेले किंवा कापून खाचरातच वाळत पडलेले असते. दोन्ही वेळा हातात जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात आणि तेवढ्यात वादळ आहे तसे राहत नाही. म्हणून वादळाचे नाव आणि एकदा ऐकलेला वाऱ्याचा आकडा धरून बसू नका. तो आकडा हवामान विभागाच्या मागच्या बुलेटिनपेक्षा (माहितीपत्रकापेक्षा) वर गेला की खाली आला, हे बघून कामांचा क्रम लावा.

'निसर्ग' आठवून पाहा. १ जून २०२० रोजी, सोमवारी, समुद्रात नुसते डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाआधीची कमी दाबाची पायरी, होते. मंगळवारी दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले, बुधवारी पहाटे तीव्र चक्रीवादळ, आणि त्याच दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर ते येऊन आदळले. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या जुन्या बागा त्या एका दुपारी आडव्या झाल्या. कृषी हवामान सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. एरवीच्या कामाला ती उत्तम आहे, पण दोन पत्रिकांच्या मधल्या काळात वादळ जन्मून किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी भारतीय हवामान विभागाचे चक्रीवादळाचे बुलेटिनच पाहावे लागते. चक्रीवादळ झाल्यावर ते दर तीन तासांनी येते, किनारा जवळ आला की तासातासाला ताजी माहिती मिळते.

हे बुलेटिन कसे वाचायचे? ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन, ६२ ते ८८ चक्रीवादळ, ८९ ते ११७ तीव्र चक्रीवादळ आणि ११८ च्या पुढे अतितीव्र. नावे साधारण सारखी वाटतात, झाडाला मात्र फरक फार मोठा पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरला तग धरणारी पोफळ १२० ला चौपट मार खाते. शिवाय बुलेटिनमध्ये सलग वाऱ्याच्या पुढे झोतांचा, म्हणजे क्षणभर उसळणाऱ्या वाऱ्याचा, वेगळा, मोठा आकडा दिलेला असतो. फांदी मोडते ती झोताने, तेव्हा तोच आकडा लक्षात ठेवा.

मोबाईलवरच्या परदेशी ॲपमध्ये त्याच वादळाचा वारा पुष्कळदा जास्त दिसतो. त्यावरून वादळ वाढले असे समजू नका. आपला हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी धरतो, अमेरिकेतल्या संस्था एका मिनिटाची, त्यामुळे त्यांचा आकडा वरच राहतो. एकच स्रोत धरा आणि त्याचेच आकडे वेळेसह वहीत एकाखाली एक लिहा: वारा, झोत, केंद्राचा दाब, आपल्यापासूनचे अंतर आणि दिशा. दाब उतरत असेल तर वादळ जोर धरते आहे.

ते जोर का धरते किंवा सोडते, याची दोन-तीन कारणे ठाऊक असली की बुलेटिनमधली भाषा कळते. समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंशांपेक्षा गरम असावे लागते. मे महिन्यात अरबी समुद्र बहुतेक वेळा त्याहून बराच तापलेला असतो, म्हणजे इंधनाची उणीव नसते. वरच्या आणि खालच्या थरांतला वारा वेगवेगळ्या वेगाने किंवा दिशेने वाहू लागला, किंवा वायव्येकडची कोरडी हवा आत घुसली, तर वादळ मोडते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये 'महा' वादळ याच रीतीने गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत येता येता विरून गेले. उलट कधी चोवीस तासांत वारा ताशी ५५ किलोमीटरने किंवा त्याहून जास्त वाढतो. अशा उसळीचा अंदाज बांधणे आजही अवघड आहे. अमेरिकेत हरिकेनच्या (तिकडच्या चक्रीवादळाच्या) पोटात विमान नेऊन वारा आणि दाब मोजतात. आपल्याकडे समुद्रात दूर असलेल्या वादळाचा जोर मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून ठरतो आणि किनाऱ्याजवळ आल्यावर ते गोवा-मुंबईच्या डॉप्लर रडारच्या टप्प्यात येते. म्हणून माझा आग्रह असा: वादळ दूर असताना आहे त्यापेक्षा एक पायरी वरचे समजूनच तयारी करा. आणि 'जोर कमी झाला' हे एकाच बुलेटिनवरून मान्य करू नका, लागोपाठ दोन-तीन बुलेटिने तसे सांगू देत.

वादळ तुमच्या गावावर येणार नसले तरी बाजू महत्त्वाची असते. आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या अंगाला वारा जास्त असतो. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' कोकणाला समांतर उत्तरेकडे गेले, किनारा ओलांडला तो गुजरातेत, पण आपण त्याच्या उजव्या अंगाला होतो आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंब्याचे नुकसान झाले ते झालेच. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'क्यार' तर भर समुद्रातूनच ओमानकडे वळले, तरी त्याच्या पावसाने कोकणातले कापणीचे भात भिजवले.

वीज आणि नेटवर्क गेले की उरतात आपले डोळे. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा: वादळाचे केंद्र तुमच्या उजव्या हाताला, किंचित मागे असते. वादळ नैऋत्येकडून येत असताना वारा आग्नेयेवरून दक्षिणेकडे आणि मग नैऋत्येकडे फिरू लागला, तर तुम्ही उजव्या, म्हणजे वाईट अंगाला आहात. तो ईशान्येवरून उत्तरेकडे फिरला तर केंद्र दक्षिणेकडून जाते आहे. दिशा न बदलता वारा वाढतच चालला, तर केंद्र थेट तुमच्याकडे येत आहे. मध्येच सगळे अचानक थांबले तर बागेत पाऊल टाकू नका. तो केंद्राचा भाग असू शकतो आणि पुढचा वारा उलट्या दिशेने, एकदम येतो.

काही मोबाईलमध्ये हवेचा दाब दाखवण्याची सोय असते. आपल्या भागात दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा (हे दाब मोजण्याचे एकक). सकाळी दहाला तो चढलाच नाही, उतरतच राहिला, तर आभाळ स्वच्छ दिसत असले तरी उंचावरची कामे तिथेच थांबवा.

आता कामे. किनारा ओलांडण्याची जी वेळ सांगतात ती केंद्राची असते. झोत आणि पाऊस त्याच्या कितीतरी तास आधी सुरू होतात. तेव्हा माडावर चढणे, आंबा उतरवणे, शेडनेटचे कापड काढणे ही कामे त्या वेळेच्या चोवीस तास आधी संपलेली हवीत. डिप्रेशन झाले हे कळताच मजूर, क्रेट आणि गाडी सांगून ठेवा. चक्रीवादळ झाले आणि रोख आपल्याकडे असला की ८०-८५ टक्के तयार झालेला आंबा नूतन झेल्याने (देठासह फळ तोडून जाळीत झेलणाऱ्या काठीने) देठासह उतरवा. कोवळा आंबा उतरवण्याच्या मोहात पडू नका, तो नीट पिकत नाही. तो झाडावर राहू दे आणि पडलाच तर वेगळा ठेवून लोणच्याला द्या. माडावरचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या काढा. केळीला वाऱ्याच्या बाजूचाच नव्हे तर दोन्ही अंगांनी बांबूचा टेकू द्या, कारण वारा फिरणार असतो. कापलेले भात त्याच दिवशी खाचरातून उचलून छपराखाली न्या. फवारणी आणि खत पुढे ढकला, पाणी जायला चर मोकळे करा. गुरे झाडाखाली किंवा कच्च्या छपराखाली बांधून ठेवू नका.

घाटमाथ्यावरच्या आणि देशावरच्या शेतकऱ्यांनी 'जमिनीवर आले, आता कमजोर होईल' एवढ्यावर निर्धास्त राहू नये. खालून मिळणारी वाफ तुटते आणि जोर उतरतो हे खरे, पण 'निसर्ग' किनारा ओलांडून पुणे-नाशिककडे गेले तेव्हा मावळ-जुन्नर भागात पॉलिहाऊसचे कागद फाटले. उघड्या माळावर झोत बरेच तास टिकतात. बुलेटिनमधला वाटेचा नकाशा आपल्या तालुक्यापर्यंत पाहा आणि किनाऱ्याची वेळ उलटल्यावर पुढचे किमान बारा तास पॉलिहाऊसमध्ये माणूस पाठवू नका.

वादळ गेल्यावर उन्मळलेली लहान कलमे पहिल्या एक-दोन दिवसांतच, मुळे ओली असताना उभी करून मातीची भर द्या, मोडलेल्या फांद्या आरीने साफ कापून जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. मात्र त्याआधी पडलेल्या झाडांचे फोटो काढून तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) आणि विमा कंपनीला कळवा.