करवंदाचं बी थांबत नाही

मे महिना सरत आला की जाळ्यांवरची करवंदं काळीभोर होतात. कुंपणासाठी घरचीच रोपं करायची असतील तर हेच दिवस साधा. बी डब्यात भरून पुढच्या वर्षापर्यंत ठेवाल तर फसाल, कारण त्याची उगवणशक्ती लवकर जाते. काढलं की त्याच आठवड्यात पेरायचं.

फळ पूर्ण काळं, बोटानं दाबताच मऊ लागणारं घ्या. लालसर फळातलं बी कच्चं निघतं. पाण्यात कुस्करून गर आणि चीक निघेपर्यंत चोळून धुवा. चिकानं बोटं चिकटतात, म्हणून आधी हाताला थोडं तेल लावलेलं बरं. तळाशी बसलेलं चपटं बी ठेवा, तरंगणारं फेका. फडक्यावर सावलीत एक रात्र सुकलं की पुरे, ऊन दाखवू नका.

बियांपासूनची रोपं हुबेहूब मूळ झाडासारखी निघत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ या मोठ्या फळाच्या जातीचं बी लावलं म्हणून तितकंच मोठं फळ येईल असं धरून चालू नका. कुंपणाला काय, काटे असले म्हणजे झालं!

5 बाय 7 इंचाच्या पिशवीत 2 भाग माती, 1 भाग वाळू आणि 1 भाग चाळलेलं, कुजलेलं शेणखत भरा. पिशवीत दोन बिया, जेमतेम 1 सेंटिमीटर खोल. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात, पण सगळे एकदम नाही. उशिरा उगवणाऱ्या पिशव्या घाईनं ओतून टाकू नका.

खरा घात होतो तो झडीत. पिशवीत पाणी तुंबलं की कोवळं रोप मातीलगत काळं पडून आडवं होतं. म्हणून पिशव्यांना खालपर्यंत भोकं पाडा, वर आडोसा करा, आणि मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय झारी हातात घेऊ नका. पडलेलं रोप पिशवीसकट बाजूला काढा.

पहिल्या वर्षी वाढ अगदी मंद असते. लागवड पुढच्या पावसाळ्यात, एक चांगला पाऊस झाल्यावर. दाट कुंपणाला दोन रोपांत 2 ते 3 फूट ठेवा. काटे जून होईतो शेळ्या कोवळे शेंडे ओरबाडतात, तोवर बाहेरून काट्याकुट्यांची वई घाला. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा छाटा, नाहीतर ते वरच वाढतं आणि बुडाशी वासरू शिरेल एवढी फट राहते.