विस्कॉन्सिनमधली पहिली शिकार: हरणावर नेम कुठे धरायचा

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरीण मारणं म्हणजे तुरुंग. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि सहकारी सहज विचारतात, येणार का?

आधी कागद. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही; राज्याचा वैध शिकार परवाना असला तर सूट मिळते. तो हाती येईपर्यंत मित्राची रायफल सरावालाही उचलू नका. 1 जानेवारी 1973 पासून पुढे जन्मलेल्यांना परवान्यासाठी सहसा हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. कंबरेच्या वरचे किमान निम्मे कपडे भडक केशरी किंवा गुलाबी हवेत.

आता नेम. हृदय आणि फुप्फुसं मिळून लक्ष्य मध्यम भाकरीएवढं, साधारण 8 इंचांचं. हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची मागची कड धरून नजर वर न्या आणि पोटाच्या रेषेपासून छातीच्या एक-तृतीयांश उंचीवर थांबा. नवखा माणूस अख्ख्या हरणावर नेम धरतो आणि गोळी मागे, कोथळ्यात जाते. फार वर लागली तर मणक्यावरच्या मांसातून जाते: हरीण जागीच कोसळतं आणि तुम्ही हात मिळवत असताना उठून पळतं.

पाठमोरं तिरकं असेल तर जवळची बाजू विसरा, पलीकडच्या पुढच्या पायाचा विचार करा. गोळी तिथे पोचायची तर अलीकडे ती बरगड्यांत बरीच मागून शिरायला हवी. मचाणावरूनही हाच हिशेब: वरून शिरणारी गोळी खाली कुठून निघेल ते बघा, नाहीतर एकच फुप्फुस फुटतं आणि माग मैलभर लांबतो. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा, विशेषतः धनुष्य असेल तर. फऱ्याच्या हाडावर बाण अडतो. डोकं आणि मान सोडाच. मेंदू लहान, डोकं सतत हलतं, आणि जबडा फुटलेलं जनावर उपाशी मरतं. चालत्या हरणाला तोंडाने हलकंसं ‘म्यॅ’ केलं तर बहुधा थबकतं. हरणाच्या मागे गोळी अडवायला माती नसेल, नुसतं आकाश असेल, तर चाप ओढायचा नाही.

गोळी सुटल्यावर हरीण कुठे उभं होतं ते झाड मनात पक्कं करा. तिथे गुलाबी, फेसाळ रक्त दिसलं तर फुप्फुस. अर्धा तास थांबून निघा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, चार-पाच तास तरी द्या. हिरवट, घाण वासाचं काही दिसलं, किंवा हरीण पाठ वाकवून सावकाश गेलं, तर कोथळा. आठ-बारा तास मागे जाऊ नका. घाईने उठवलेलं हरीण दूर जाऊन पडतं, आणि तिथवर रक्तही सांडत नाही.

हरीण सापडल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत राज्याकडे शिकारीची नोंदणी करा. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा लांब पसरलेले असतात.