दातांच्या डॉक्टरकीला, म्हणजे बीडीएसला येताय आणि एआयची भीती वाटतेय? थोडं ऐका

यंदा अ‍ॅडमिशन झालेल्या पोरांचे मेसेज येतात, त्यात फी आणि हॉस्टेल झालं की तिसरा प्रश्न ठरलेला, दादा हे सगळं पुढे रोबोटच करणार असेल तर पाच वर्षं कशाला घालवायची. माझी सध्या इंटर्नशिप चालू आहे, त्यामुळे जे बघितलं तेवढंच सांगतो.

आमच्या बॅचमध्ये मेसला बसलं की यावर भांडणं ठरलेली. ज्यांना ओरल सर्जरीत एमडीएस (बीडीएसनंतरची पुढची डिग्री) करायचंय ते एकदम खूश, आणि एकाच्या वडिलांचा तालुक्याला दवाखाना आहे तो म्हणतो आधी खुर्चीचा कॉम्प्रेसर धड चालू दे मग रोबोट आणू. मला दोघांचंही पटतं.

रोबोट म्हणजे मलाही फर्स्ट इयरला भलतंच काहीतरी वाटायचं. अमेरिकेत इम्प्लांटसाठी (जबड्याच्या हाडात बसवायचा कृत्रिम दाताचा स्क्रू) योमी नावाची सिस्टीम आहे, 2016 च्या शेवटी तिला तिथल्या एफडीएने मान्यता दिली, पण त्यात हँडपीस (ड्रिलची मूठ) डॉक्टरच धरतो, सीबीसीटीवर (जबड्याचा थ्रीडी एक्सरे) आधी प्लॅन करायचा आणि ड्रिल त्या अँगलवरून सरकायला लागलं की मशीनचा आर्म हाताला अडवतो, बस. चीनमध्ये शीआनला 2017 मध्ये रोबोटने स्वतःच दोन इम्प्लांट बसवले हे खरं, तेव्हाही डॉक्टर लक्ष ठेवून होतेच. आणि आमच्या ओपीडीत गुटख्याने तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही असे काका येतात, तिथे मिरर आत घालतानाच घाम फुटतो, तो आर्म कुठे घालणार.

एआयचं मात्र वेगळं आहे, ते एक्सरेत आलंय. ओळखीच्या एका क्लिनिकमध्ये मी सुट्टीत बसायचो, तिथे आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्सरे) काढला की सॉफ्टवेअर कीड वाटेल तिथे रंगीत चौकोन काढायचं. एकदा प्रीमोलरच्या (सुळ्यामागचा दात) मानेपाशी चौकोन आला, मी लगेच फिलिंग लिहून मोकळा. मॅडमनी शांतपणे एक्सप्लोरर (कीड चाचपायची टोकदार सळई) हातात दिला, म्हणाल्या फिरवून बघ. दात गुळगुळीत! तो सर्व्हायकल बर्नआउट होता, म्हणजे इनॅमल (दातावरचं कडक आवरण) संपतं आणि हाड सुरू होतं त्या मधल्या पट्ट्यातून किरण जास्त आरपार जातात म्हणून तिथे काळं दिसतं, कीडबीड काही नसते. थर्ड इयरला व्हायवात हेच घडाघडा बोललो होतो की मी! पण त्याच आठवड्यात दोन मोलरच्या (दाढांच्या) मधली बारीक कीड माझ्या नजरेतून सुटली आणि सॉफ्टवेअरने बरोबर धरली, त्यामुळे त्याला नावं ठेवायलाही तोंड नाही.

तेव्हापासून मी आधी स्वतः आरव्हीजी बघून कागदावर लिहितो, मगच चौकोन ऑन करतो. तुम्हीही पोस्टिंग लागल्यापासून ही सवय लावा. क्राऊनसाठी (दातावरची कॅप) तोंडात फिरवायचा स्कॅनर हाताळायला मिळाला तर सोडू नका, फक्त हिरडीतून रक्त येत असेल तर त्याला मार्जिन (तासलेल्या दाताची कड) दिसत नाही, त्यामुळे कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) नीट पॅक करता यायलाच हवी.

आणि फर्स्ट इयरला वॅक्स कार्व्हिंगला (मेणातून दात कोरणं) शिव्या घालाल, सगळेच घालतात, पण टाळू नका, दाताचा आकार हाताला तिथेच कळतो. वॅक्स ब्लॉक सिनिअर्सकडे उरलेले असतात ते मागून घ्या, लेक्रॉन (मेण कोरायचं हत्यार) मात्र नवा आणि चांगला घ्या, माझा स्वस्तातला होता तो प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री वाकला.