सापुताऱ्याच्या कौटुंबिक सहलीची आखणी
नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे सापुतारा सुमारे ८० किलोमीटरवर असल्याने अनेक कुटुंबे सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील, तर मात्र एक मुक्काम करणेच श्रेयस्कर. ज्यांना चढ झेपतो त्यांनी वाटेतला हातगड किल्ला सकाळीच पाहावा, दुपारनंतर तलावात नौकाविहार करावा आणि रोपवेचे तिकीट आकाश पाहूनच काढावे, कारण धुके दाटले की सूर्यास्तच काय, समोरची दरीही दिसत नाही. गिरा धबधबा सापुताऱ्यात नसून घाट उतरून सुमारे ५० किलोमीटरवर वघईजवळ आहे. त्यासाठी दुसरी सकाळ राखून ठेवावी, तीही पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच, कारण उन्हाळ्यात तेथे बहुधा खडकच पाहावे लागतात.